नागपुरात झोआ घ्यायचेत? घरून विकणाऱ्या भाऊचा रिव्ह्यू, पैशांसकट

आधी निकाल सांगून टाकतो, मग ज्याला वेळ आहे त्यानं पुढं वाचा. नागपुरात झोआ (खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवतात ते रंगीत समुद्री जीव, कोरलचे नातेवाईक) ठेवायचे असतील तर गावातल्याच कोणाच्या टाकीत काही महिने रुळलेले घ्या, नाव साधं असलं तरी चालते, अन् दुसऱ्या शहरातून कुरिअरनं येणाऱ्या भारी नावाच्या दोन पॉलिपवर (म्हणजे झोआच्या दोन फुलांवर) पगार उधळू नका. ज्या भाऊकडून मी घेऊन राहिलो त्याला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

भाऊचं नाव अन् नंबर टाकत नाही, त्यानंच नको म्हटलं. दुकान नाही, बोर्ड नाही, वर्धा रोडकडं एका घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे अन् खोलीत टाक्याच टाक्या. लोक न सांगता बेल वाजवायचे अन् खाली काकूंची दुपारची झोप मोडायची, म्हणून आता तो फोन केल्याशिवाय येऊ देत नाही. गावात रीफ टँक, म्हणजे कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणारे आहेतच किती, कोणालाही विचारा, पत्ता मिळून जाते.

ज्यांना झोआ म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण नाव झोअँथिड. हार्ड कोरलसारखा चुन्याचा सांगाडा याला नसतो, एक मऊ चटई असते, त्या चटईतून शर्टाच्या बटणाएवढे पॉलिप वर येतात, मध्ये तोंड अन् भोवती बारीक झालर, आणि रंग असे की पहिल्यांदा पाहणारा विचारतो हे प्लास्टिकचं आहे का. चटई पसरते तसे कडेनं नवीन पॉलिप फुटतात. अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर खाणं बनवते अन् त्यावरच याचं बरंचसं पोट चालते. आपल्या मुंबईच्या खडकांवरही ओहोटीला झोआच्या हिरवट-तपकिरी चटया दिसतात, पण त्या पाहून कोणी दोन हजार रुपये काढत नाही. पैसे निघतात रंगाचे, अन् रंगापेक्षा जास्त नावाचे.

नावाचं प्रकरण समजून घ्या, कारण सगळी लूट तिथंच होते. रास्ता, सनी डी, अटर केऑस, फ्रूट लूप्स, ईगल आय, बॅम बॅम, पर्पल डेथ. ही बहुतेक नावं अमेरिकेतल्या विकणाऱ्यांनी अन् शौकिनांनी ठेवलेली, शास्त्रात यांना असं वेगळं नाव नाही, तिथं झोअँथस किंवा पॅलिथोआ एवढ्यावर विषय संपतो अन् त्यातलं कोणतं नेमकं कोण हे ओळखायला तज्ज्ञांचीही दमछाक होते. इतवारीत साडीच्या दुकानात सिरियल गाजली की त्याच साडीला नवीन नाव लावून भाव वाढवतात, तसलाच हा धंदा. वरून एकच पॉलिप कमी उजेडात वेगळा रंग धरतो अन् जास्त उजेडात वेगळा, मग एकाच कॉलनीचे दोन तुकडे दोन टाक्यांत वाढून दोन नावांनी विकले जाऊ शकतात. तिकडे नवीन, हळू वाढणाऱ्या अन् सगळ्यांना हव्या असलेल्या एका पॉलिपला शंभर डॉलरच्या वरही लोक देतात. तोच प्रकार भराभर वाढणारा निघाला की सगळ्यांच्या टाकीत होतो अन् भाव बसतो. ईगल आयचं तेच झालं, दिसायला काही कमी नाही, हिरवा मध्य, नारिंगी-लाल झालर, पण वाढतो एवढा की लोक फुकट वाटतात.

या भाऊची पहिली आवडलेली गोष्ट इथंच आहे. मी विचारलं हा रास्ताच आहे का नक्की, तर म्हणे, "दादा, मला ज्यानं दिला त्यानं रास्ता म्हणून दिला, मी अमेरिकेत जाऊन पाहून आलो नाही. तुम्हाला रंग आवडला तर घ्या." बाप्पा, एवढं सरळ कोण बोलते. ऑनलाइन विकणारा प्रत्येक जण ओरिजिनल लिनिएज म्हणून छातीठोक सांगतो अन् पुरावा मागितला की फोटो पाठवतो, फोटोवरून काय कळणार.

फोटोवरून आठवलं, निळ्या लाईटचा खेळ. झोआच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात, ती साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड घेतात अन् हिरवा, नारिंगी, लाल असा परत टाकतात. म्हणून नुसत्या निळ्या एलईडीखाली ठेवलेला साधासा झोआही पेटल्यासारखा दिसतो, अन् वरून फोनच्या कॅमेऱ्यापुढं पिवळी काच लावली अन् सॅच्युरेशन खेचलं की विषयच संपला. घरी आणून पांढऱ्या उजेडात पाहिलं की तोच मठ्ठ तपकिरी. भाऊ स्वतःच लाईट पांढरा करून दाखवतो, सांगावं लागत नाही. त्याच्या रॅकवरचे काही पांढऱ्यातही छान दिसत होते, काही अगदीच साधे दिसत होते, अन् साधे कोणते हे तोच बोट ठेवून सांगत होता. विकणाऱ्यानं फक्त निळ्यातला फोटो टाकला असेल तर पांढऱ्यातला मागा, देत नसेल तर समजून घ्या.

भाव. मी घेतलेले सांगतो, बाकीचे त्याच्याकडं बदलत राहतात. ईगल आयची मूठभर कॉलनी ५०० रुपयांत, रास्ता तीन पॉलिप १,२०० ला, सनी डी दोन पॉलिप १,६०० ला, अन् एक हिरवट-जांभळा बिननावाचा ३०० ला, जो आज टाकीतला सगळ्यात देखणा आहे. घासाघीस करत नाही, पण तीनच्या वर घेतले की एखादा छोटा तुकडा वरून देतो. पॉलिप मोजताना फक्त पूर्ण मोठे मोजतो, कडेला फुटलेली पिल्लं मोजत नाही, हे मला फार आवडलं कारण बाहेर टाचणीच्या टोकाएवढं पिल्लूही एक पॉलिप म्हणून लावतात.

पर्पल डेथ मागितला तर आधी विचारलं घरी लहान मुलं आहेत का. आहेत म्हटलं. मग अर्धा तास विषावर लेक्चर. तो पॅलिथोआ आहे, अन् पॅलिथोआच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन असते. हे विष शोधलं कसं ते मजेदार आहे: हवाईच्या माउई बेटावर हाना भागात एका डबक्यातलं शेवाळ भाल्याला लावलं की जखम झालेला माणूस मरतोच अशी तिथल्या लोकांत जुनी गोष्ट होती, संशोधकांनी माग काढला तर ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होता, अन् १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातून विष वेगळं काढल्याचं छापलं. आपल्या पेशींत सोडियम बाहेर अन् पोटॅशियम आत ढकलणारा जो पंप असतो त्याला हे जाऊन चिकटते अन् पंपाचं दार उघडंच ठेवते, क्षार मनाला येईल तसे ये-जा करतात, अन् हा पंप शरीरात सगळीकडं आहे, स्नायूत, हृदयात. सगळ्या झोआत हे नसते, बऱ्याच झोअँथसमध्ये सापडतच नाही किंवा नगण्य असते, पण नुसतं पाहून कोणात किती हे सांगता येत नाही म्हणून सगळ्यांना सारखंच वागवायचं.

म्हणजे कसं, तर हातमोजे घालायचे, तुकडा कापताना डोळ्यांवर चष्मा, कापताना पिचकारी उडते अन् ती डोळ्यात गेली तर बुबुळ खराब होऊ शकते. हाताला चीर असली तर टाकीत हातच घालायचा नाही. अन् सगळ्यात महत्त्वाचं, नको असलेला झोआ दगडावरून काढायला तो दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, सुकवून ब्रशनं घासायचा नाही. परदेशात दगड उकळल्यावर वाफेनं घरचे सगळे हॉस्पिटलात गेल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. आपल्याकडं काहीही निर्जंतुक करायचं तर पहिले पातेलं चढवतात, म्हणून मुद्दाम लिहून राहिलो. घरच्यांनाही सांगून ठेवा, कामवाल्या मावशींनाही.

शेवटी पर्पल डेथ दिला नाही त्यानं मला. पोरगी मोठी होऊ द्या म्हणाला. गिऱ्हाईक परत पाठवणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिला नाही.

पॅकिंग चांगलं. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, दोन पिशव्या एकात एक, पाणी कमी अन् हवा जास्त, वर थर्माकोलचा डबा. देण्याआधी आपल्यासमोर आयोडीनच्या पाण्यात बुचकळतो अन् छोट्या पिचकारीनं फुंकून काय काय पडते ते पांढऱ्या वाटीत दाखवतो. झोआ खाणारा न्यूडिब्रँक नावाचा एक बिनशिंपल्याचा गोगलगायीचा भाऊबंद असतो, तो झोआ खाऊन झोआचाच रंग धरतो, झालरीसकट, त्यामुळं समोर असून दिसत नाही. दुसरा सनडायल गोगलगाय, चपटं गोल शंख अन् त्यावर काळे-पांढरे चौकोन, दिवसा चटईखाली लपते अन् रात्री पॉलिपमध्ये सोंड घालते. तिसरे समुद्री कोळी, केसाएवढे. आयोडीननं मोठे पडतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून भाऊनं सांगितलं की घरी गेल्यावर आठवड्यानं परत बुचकळा अन् मधल्या काळात वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. मी बादलीवजा टाकीत ठेवले, हीटर लागत नाही नागपुरात बहुतेक वर्ष, एक छोटा पंप अन् क्लिपवाला लाईट पुरला. रात्री टॉर्च मारून पाहत राहायचं. काही निघालं नाही.

आता कुरिअरचं. दुसऱ्या शहरातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एप्रिलात मागवले होते, भारी नावाचे, नाव सांगत नाही. शुक्रवारी पाठवले, रविवारी कुठंतरी गोदामात पडून राहिले, सोमवारी दुपारी डबा हातात आला तेव्हा पिशवी अंघोळीच्या पाण्याएवढी कोमट. आत झोआ नव्हताच, वास मारणारा शेंबूड होता. त्यांची अट अशी की पिशवी न उघडता दोन तासात व्हिडिओ पाठवा, तो पाठवला, मग म्हणे उशीर कुरिअरकडून झाला, आमची जबाबदारी नाही. पैसे गेले. हिवाळ्यात दुसऱ्या एकाकडून मागवले ते जिवंत आले पण सोबत न्यूडिब्रँक आणले. म्हणजे कुरिअर करायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अन् सोमवारी पाठवायला लावा म्हणजे मध्ये रविवार येत नाही. नाहीतर मुंबईहून कोणी ओळखीचं येत असेल तर दुरांतोनं रात्री बसून सकाळी नागपूर, एसी डब्यात सीटखाली डबा, याच्यापेक्षा चांगली वाहतूक समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावाला मिळणार नाही.

पण कुरिअर सुखरूप आलं तरी बाहेरचा झोआ अन् गावात रुळलेला झोआ यात फरक राहतोच, अन् तो मला टाकीत ठेवल्यावर कळला. भाऊकडचा ईगल आय संध्याकाळी टाकला, दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा. बाहेरून आलेले आठ-दहा दिवस मुठी आवळून बसले. कारण साधं आहे, भाऊचं पाणी अन् माझं पाणी एकाच उन्हाळ्यातून जाणारं, त्याचा लाईटही माझ्यासारखाच. समुद्रातून थेट काढून आणलेली जंगली कॉलनी तर अजून नाजूक, ती बऱ्याचदा महिन्याभरात वितळते. म्हणून विचारायचं: ही कॉलनी तुमच्याकडं कधीपासून आहे? भाऊ प्रत्येक प्लगखाली (झोआ ज्यावर चिकटवतात ती छोटी चकती) मार्करनं महिना लिहून ठेवतो. मी घेतलेला रास्ता मागच्या उन्हाळ्यातून पार झालेला होता. मला यापेक्षा मोठी गॅरंटी नको.

पाण्याचं थोडं. आपल्याकडं पेंचचं पाणी येते, कोणाकडं बोअर आहे, दोन्ही थेट चालत नाही, आरओ पाहिजे अन् त्याच्या पुढं डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) पाहिजे, टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरू म्हणणारे बरेच भेटले. त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा मिनरलची कांडी असते, त्यामुळं मीटर ४०-५०-८० काहीही दाखवते, अन् त्यासोबत काय काय आलं ते कळत नाही, शेवाळाला मात्र बरोबर कळते. मीठ मिसळून खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) ठेवतो, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या पाण्यावर सेट करू नका, ३५ चं तयार द्रावण मिळते त्याच्यावर करा.

बाकी झोआचे नखरे कमी. कॅल्शियम-अल्कलिनिटीच्या मागं हार्ड कोरलवाल्यांसारखं धावायची गरज नाही, सांगाडाच नाही तर कॅल्शियम घेऊन करणार काय, मी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, डीकेएच हे तिचं माप) ८ ते ९ डीकेएचमध्ये स्थिर ठेवतो अन् गप्प बसतो. उलट पाणी जास्तच साफ केलं तर झोआ आक्रसतात. माझ्या टाकीत नायट्रेट १० च्या आगंमागं असते अन् फॉस्फेट ०.०५ ते ०.१, हे शून्यावर नेलं तेव्हा रास्ताचे पॉलिप लहान झाले अन् वाळूवर तपकिरी डायनो (सूक्ष्मजीवांचा चिकट थर) चढले, मासे दोन जास्त केले अन् खाणं वाढवलं तर परत फुगले. लाईट मध्यम, पार मीटर (टाकीतला उजेड मोजायचं यंत्र) भाड्यानं मिळालं तर ८० ते १५० च्या जागेत ठेवा. सनी डी मी खाली सावलीत ठेवला होता, देठ लांब करून उजेडाकडं मान काढायला लागला, वर सरकवला तर महिन्याभरात बुटका अन् जाड झाला. खाऊ घालायचं म्हणाल तर पॅलिथोआ कोळंबीचा तुकडा झडप घालून घेतो, झोअँथसला टाकलं तर बहुतेक वेळा तोंडही वळवत नाही.

खरा पेपर उन्हाळ्याचा. मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत ३८-३९, अन् टाकी पाहिजे २५-२६. झोआ २८ पर्यंत कुरकुर करत नाहीत, ३० च्या वर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन घटते, अंगातलं शैवाल बाहेर पडायला लागते, रंग उतरतो, मग वितळायला लागतात. माझी टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, साधारण १९० लिटर. आधी दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावले. मुंबईवाले हसतात याला पण नागपूरची हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की पंखा खरंच काम करते, एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्युल उष्णता घेऊन जाते, अन् माझ्याकडं रोज चार-पाच लिटर उडते. पण एक गोम आहे, जी मला भाऊनं सांगितली अन् कोणत्याही परदेशी व्हिडिओत सापडणार नाही: त्याच खोलीत आपला कुलर लावला की पंखा बेकार. कुलर हवा ओली करतो, ओल्या हवेत टाकीचं पाणी उडत नाही, खोली थंड वाटते अन् टाकी तापत जाते. कुलर शेजारच्या खोलीत अन् टाकीच्या खोलीची खिडकी उघडी, असं चालते. घरात यावरून वाद होते, कारण टाकी हॉलमध्ये अन् आईचा दिवाणही हॉलमध्ये. शेवटी १/१० एचपीचं चिलर घेतलं, त्याचा गरम झोत गॅलरीत सोडला. पैसे गेले पण आई कुलरसमोर झोपते अन् टाकी २६ वर राहते. आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात पंख्यानं असंही काही होत नाही.

पाणी उडते पण मीठ उडत नाही, हे विसरू नका, उन्हाळ्यात दोन दिवस गोडं पाणी भरलं नाही तर खारटपणा सरकते अन् झोआ बंद होतात. ऑटो टॉप-अप लावा, साधा फ्लोटवालाही चालते. लाईन गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. इन्व्हर्टरवर फक्त एक फ्लो पंप (पाणी हलतं ठेवणारा) ठेवा, चिलर अन् लाईट नको, चार-पाच तास निघून जातात.

आता भाऊच्या तक्रारी, म्हणजे कापलेला स्टार.

बिल देत नाही. यूपीआय घेतो, बिल नाही. माल कुठून आला तर म्हणे शौकिनांच्या टाकीतले तुकडे एकमेकांत फिरत फिरत आलेत. मला त्याच्यावर विश्वास आहे पण कागद नाही तो नाही. हे मी कटकट म्हणून लिहीत नाही. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे हार्ड कोरल, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आहेत, वाघाच्या रांगेत. झोआ हार्ड कोरलमध्ये मोडत नाही, पण तो ज्या दगडावर चिकटून येतो तो दगड म्हणजे मेलेल्या हार्ड कोरलचा तुकडा असू शकतो. म्हणून सिरॅमिकच्या प्लगवर वाढलेलाच घ्या. भाऊकडं सगळे प्लगवर असतात, अन् हार्ड कोरल तो ठेवतच नाही, हे त्याच्या बाजूनं. पण बिलाचं पाहायला पाहिजे त्यानं.

दुसरं, चिकटवणं एकदम रफ. फेवीक्विकचे गोळेच्या गोळे, पांढरे, महिनाभर दिसत राहतात. सायनोअॅक्रिलेट गोंद टाकीत चालतो, त्यात काही नाही, पण जेलवाला मिळतो तो वापर नं बाबा. सनी डीचा प्लग तर हातात घेतला तेव्हाच डुगडुगत होता, मी घरी परत चिकटवला.

तिसरं, एका प्लगच्या खालच्या बाजूला केसाळ शेवाळ होतं अन् एक छोटं ऐप्टेशिया, म्हणजे टाकीत तणासारखं पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल. वरून दिसत नव्हतं. फोन केला तर लगेच म्हणाला आणून द्या बदलून देतो, वाद घातला नाही. मी बदलला नाही, ऐप्टेशिया चिमट्यानं प्लगच्या तुकड्यासकट तोडून टाकलं अन् शेवाळावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. ते करणाऱ्यांसाठी, इंटरनेटवर सगळीकडं ३ टक्के लिहिलेलं असते अन् आपल्या मेडिकलमध्ये २० व्हॉल्यूमची बाटली मिळते ती ६ टक्क्यांची असते, तिच्यात तेवढंच पाणी घाला. घेताना प्लग उलटा करून पाहा, तो नाही म्हणत नाही.

चौथं, व्हॉट्सअॅपवर उत्तर द्यायला तीन-तीन दिवस. फोनच करा.

सगळ्यात शेवटी, कोणाला हा भाऊ जमणार नाही: ज्याला यादीतलं प्रत्येक नाव टाकीत पाहिजे, स्टिकर अल्बमसारखं, त्याच्याकडं याचं काम नाही. मोजके प्रकार असतात, नवीन फार कमी येतात, मागच्या वेळी पाहिलेलेच पुढच्या वेळी थोडे मोठे झालेले दिसतात. ज्याची टाकी नवीन आहे, सायकल (माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजणं) होऊन सहा महिनेही झाले नाहीत, त्यालाही तो देत नाही किंवा फक्त ईगल आय देतो अन् म्हणतो हा जगला तर फोटो घेऊन या.

माझ्याकडचा ईगल आय आता शेजारच्या रास्तावर चढायला लागला, झोआ एकमेकांना फार डंख मारत नाहीत पण सावलीत दाबून टाकतात, म्हणून त्याची कड कापून चार प्लग केले. ते भाऊनं परत घेतले, पैसे नाही दिले पण प्रत्येकाचे दीडशे रुपये खात्यात लिहून ठेवले. त्या सहाशेत अजून थोडे टाकून फ्रूट लूप्सचे दोन पॉलिप ठरलेत, पण तो म्हणाला आत्ताच कापलेत, देठ भरू द्या, पोळ्यानंतर या.